गल्ली वाचायची कशी? गिरगावच्या वाड्या-चाळींतून स्थानिक इतिहास शोधण्याची पद्धत

गिरगाव बघायला येणारी बहुतेक मंडळी एकाच ठिकाणी चुकतात. खोताच्या वाडीत शिरतात, लाकडी बंगल्यासमोर फोटो काढतात आणि गॅलरीत उभ्या असलेल्या एखाद्या काकांना विचारतात, "किती जुनं आहे हो हे?" काका म्हणतात, "दोनशे वर्षं तरी असेल." संध्याकाळपर्यंत तो आकडा शंभर फोनवर पोचलेला असतो. काकांचा यात काहीच दोष नाही. अंदाज विचारला, त्यांनी अंदाज सांगितला.

चुकतो तो क्रम. आधी विचारलं, मग पाहिलं आणि कागद कधी उघडलाच नाही. आधी नकाशा, मग पाय, मग डोळे, त्यानंतर माणसं आणि शेवटी कागद, असा क्रम ठेवा. कुणी एकदा गोष्ट सांगितली की डोळ्यांना तीच दिसू लागते, म्हणून माणसं चौथी. हीच पद्धत दादर, नाशिक, सोलापूर कुठेही चालेल, पण उदाहरणं मी गिरगावचीच देणार आहे. पद्धत हवेत समजत नाही.

## निघण्यापूर्वीची तयारी

हद्द लहान घ्या. 'गिरगाव' हा एका फेरीचा विषय नव्हे. ठाकुरद्वार नाका ते प्रार्थना समाज एवढा पट्टा घ्या आणि त्यातली एकच वाडी निवडा: फणसवाडी, झावबावाडी, मुगभाट, कांदेवाडी, कोणतीही. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पाच मिनिटांत पोचता आलं पाहिजे. पहिल्याच खेपेला खोताची वाडी घेऊ नये असं माझं मत आहे. तिथे इतके लोक फोटो काढून गेलेत की रहिवासी वैतागलेत, आणि तिच्याबद्दल इतकं ऐकलेलं असतं की नव्याने काही दिसत नाही.

रस्त्यांची दुहेरी यादी करा. जुने कागद जुन्याच नावांनी बोलतात. गिरगाव रोड म्हणजे आजचा जगन्नाथ शंकरशेठ मार्ग. गिरगाव बॅक रोड म्हणजे विठ्ठलभाई पटेल रोड. क्वीन्स रोडचा महर्षी कर्वे रोड झाला, सँडहर्स्ट रोडचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, प्रिन्सेस स्ट्रीटचा शामलदास गांधी मार्ग, लॅमिंग्टन रोडचा डॉ. भडकमकर मार्ग. कांदेवाडी पत्त्यावर खाडिलकर रोड असते, पण लग्नपत्रिका छापायला माणसं अजून 'कांदेवाडीत'च जातात.

> सावध: 'व्ही. पी. रोड' आणि 'एस. व्ही. पी. रोड' हे दोन वेगळे रस्ते आहेत, दोन भावांच्या नावांचे, आणि एकमेकांना लागून. टिपणं घेताना नुसतं 'पटेल रोड' लिहिलंत तर घरी गेल्यावर अर्धी वही निकामी.

दोन नकाशे घ्या. एक आजचा, एक जुना. मुंबई बेटाची बारकाईची मोजणी ब्रिटिश अधिकारी लॉटन यांच्या देखरेखीखाली १८६५ ते १८७२ या काळात झाली. ब्रिटिशकालीन नकाशांच्या स्कॅन प्रती इंटरनेटवर मिळतात. एखादा निवडून वाडीपुरता भाग मोठा करून छापा. नकाशा कधी छापला यापेक्षा त्याची मोजणी कधी झाली ते साल शोधून कोपऱ्यात लिहा. जुन्या मोजणीवर पुढे कितीतरी वर्षं नकाशे छापले गेले आहेत.

वेळ. रविवारी सकाळी सात ते नऊ. हातगाड्या नसतात, टेम्पो नसतात आणि तिरप्या उन्हात कोरलेली, पुसट झालेली अक्षरं उठून दिसतात. पावसाळ्यात निम्म्या इमारतींवर निळी ताडपत्री असते. गणपतीत मांडव आणि कमानी असतात. गणपतीत माणसं भेटतात खरी, पण भिंती दिसत नाहीत, म्हणून ती खेप वेगळी ठेवा.

सोबत वही, पेन्सिल आणि जमल्यास छोटी दुर्बीण. दुर्बीण हौसेखातर सांगत नाही. सालं बहुधा तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या वर कोरलेली असतात आणि मोबाइलचा झूम तिथे चिखल करतो.

## टप्पा १: हद्द चालून या

पहिली फेरी हातात काही न घेता मारा. फक्त रस्त्यांचा आकार बघा. वाडीतली गल्ली कुठे वळते, कुठे अरुंद होते, कुठे एकदम संपते. मग चालत सँडहर्स्ट रोडला या आणि फरक बघा. हा रस्ता रुंद आहे, सरळ आहे आणि दोन्ही बाजूंच्या इमारती एका रेषेत उभ्या आहेत.

याचं कारण प्लेग. १८९६ मध्ये साथ आली, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्या कापून समुद्राची हवा आत यावी म्हणून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रस्ते काढले गेले. म्हणजे वाकड्या गल्ल्यांच्या जाळ्यातून सरळसोट रुंद रस्ता जात असेल तर तो नंतरचा आणि त्याच्या कडेच्या इमारती त्याहून नंतरच्या. एवढं कळलं की जवळजवळ अर्ध्या परिसराचा काळ ढोबळमानाने ठरतो, तोही कुणाला न विचारता.

तपासा: जुन्या नकाशावर ही गल्ली आहे का? नसेल तर 'ही वाडी पहिल्यापासून आहे' हे वाक्य वहीत लिहू नका.

## टप्पा २: इमारत वरून खाली वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. नवशिके दुकानाच्या पाटीपासून सुरुवात करतात. तळमजला सगळ्यात जास्त फसवतो. शटर, ग्लो-साइन, ग्रॅनाइट दर काही वर्षांनी बदलतं. वर कुणी खर्च करत नाही, म्हणून मूळ गोष्टी वरच राहतात. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांनी हात आखडता घेतला आणि जे होतं ते तसंच राहिलं. लाकडी कठडे त्यामुळे टिकले आणि त्यामुळेच कुजलेही.

समोरच्या फुटपाथवर उभे राहा आणि या क्रमाने टिपा:

१. माथा. छप्पर उतरतं आहे की गच्ची? दर्शनी भिंतीवर त्रिकोणी किंवा अर्धगोल शिखर असेल तर त्यात साल, नाव, एखादं चिन्ह आहे का?

२. वरचा मजला. खालच्या मजल्यांशी तो जुळतो का? खिडक्यांची उंची, कठड्याची नक्षी, मजल्याची उंची पडताळा. खाली लाकडी खांब आणि ओतीव लोखंडी कठडे, वर सिमेंटची जाळी असेल तर मजला मागून चढवलेला आहे. सालाची पाटी शिखरावर नसून भिंतीच्या मधोमध, शेवटच्या मजल्याच्या *खाली* अडकल्यासारखी दिसली तर शंकेला जागाच नाही. ती पाटी एके काळी माथ्यावर होती.

३. गॅलरी आणि जिना. गॅलरीला आधार देणारे लाकडी किंवा लोखंडी धीरे कसे आहेत? जिना बाहेरून आहे की आतून? खोताच्या वाडीतल्या बंगल्यांना बाहेरून जिना आणि पुढे व्हरांडा आहे. ती एका कुटुंबाची घरं. चाळीत एका लांब गॅलरीवर ओळीने खोल्या आणि टोकाला सामायिक संडास. भाड्याने द्यायलाच बांधलेली वस्ती. फरक शोभेचा नाही. कोण राहणार होतं हे त्यातून कळतं.

४. सांगाडा. पोपडे निघालेल्या जागा ही तुमची खिडकी. आत विटा आणि सागवानाची चौकट दिसते की लोखंडी तुळया की काँक्रीट? तुळईच्या अंगावर उठावाची अक्षरं असतात: डॉर्मन लाँग, मिडल्सबरो, इंग्लंड. म्हणजे पोलाद बोटीने आलं. टाटांचं नाव दिसलं तर काळ विसाव्या शतकात सरकतो.

५. तळमजला. सगळ्यात शेवटी. शटरच्या दोन्ही बाजूंना झाकलेला दगडी खांब किंवा जुनी दगडी पायरी उरली आहे का, एवढंच बघा.

> सावध: मंगलोरी कौलावर 'बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५' असा ठसा सापडला की लोक घराचं साल १८६५ लिहून मोकळे होतात. ते कारखाना सुरू झाल्याचं साल आहे. तोच ठसा पुढे कित्येक दशकांच्या कौलांवर आहे. 'कॉमनवेल्थ' असा ठसा असेल तर कौल पहिल्या महायुद्धानंतरचं, कारण तेव्हा कारखाना त्या नावाच्या ट्रस्टकडे गेला. आणि कौलं बदलतातच, त्यामुळे त्यावरून छपराचं वय कळेल, घराचं नाही.

प्रत्येक इमारतीला वहीचं एक पान द्या. उजवीकडे दिसलं ते, डावीकडे त्यावरून काय वाटतं ते. एकत्र लिहिलंत तर महिन्याभराने निरीक्षण कुठलं आणि तर्क कुठला ते तुमचं तुम्हालाच कळणार नाही.

## टप्पा ३: साल नीट वाचा

मुंबईच्या भिंतींवर किमान पाच कालगणना आहेत. १८९३ हे एकच इसवी साल घ्या. मराठी मालकाच्या इमारतीवर ते शके १८१५ असेल. गुजराती मालकाने संवत १९४९ किंवा दिवाळीनंतर काम पुरं झालं असेल तर १९५० कोरलं असेल. पारशी इमारतीवर यज्दगर्दी १२६२ किंवा १२६३. भेंडीबाजाराच्या बाजूला गेलात तर हिजरी १३१० किंवा १३११.

आकडेमोड सोपी आहे. शकात ७८ मिळवा (जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंत ७९). गुजराती संवतातून ५६ वजा करा, कार्तिक ते डिसेंबरअखेर ५७. यज्दगर्दीत ६३० किंवा ६३१ मिळवा. हिजरी वर्ष चांद्र, ३५४ दिवसांचं, म्हणून तिथे नुसती बेरीज-वजाबाकी करू नका, तक्ता बघा.

चूक नेमकी कशी होते ते बघा. पाटीवर नुसतं '१९५०' आहे, संवत हा शब्द रंगाखाली गेला आहे. आपण इसवी सन समजतो आणि इमारत ५७ वर्षांनी तरुण होते. शेजारची लिपी गुजराती आहे का, अंकांची वळणं कोणती, ते आधी बघा. गुजराती अंक वाचता येत नसतील तर दहा आकडे कागदावर उतरवून खिशात ठेवा. गिरगाव-काळबादेवीत ते पावलोपावली लागतात.

तपासा: हे साल *कशाचं* आहे? पायाभरणीचं, पूर्णत्वाचं, दुरुस्तीचं, मालकाच्या वडिलांच्या स्मृतीचं की चाळीतल्या मंडळाच्या स्थापनेचं? कांदेवाडीतल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ हे साल ठळकपणे मिरवतं. ते तिथल्या सार्वजनिक गणेशोत्सवाचं. चाळ त्याआधी उभी होती, एवढंच त्यावरून म्हणता येतं. आमदार निधीच्या पाट्यांवरची सालं तर लाद्यांची असतात.

गल्लीच्या तोंडाशी क्रूस असेल तर त्याच्या चौथऱ्यावरचं सालही टिपा. प्लेगच्या वर्षांत असे क्रूस मुंबईत अनेक ठिकाणी उभे राहिले. १८९६ नंतरच्या दहा वर्षांतलं साल दिसलं तर वस्तीने ते दिवस कसे काढले याचा धागा तिथे आहे.

## टप्पा ४: नावांकडे संशयाने बघा

हा टप्पा लवकर उरका. यात लोक नको तितके रमतात. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, मुगभाट, खेतवाडी ही नावं बागायत आणि शेतीची. खोताची वाडी, झावबावाडी मालकांची. ठाकुरद्वार देवळावरून. एवढी विभागणी पुरे. नावामुळे जमिनीचा पूर्वीचा उपयोग सूचित होतो. इमारतीबद्दल त्यातून काहीही कळत नाही. आख्यायिका ऐकली तर 'आख्यायिका' असा शिक्का मारून लिहा. पडताळायला गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' हे १८६३ चं पुस्तक हाताशी ठेवा. तेव्हा एखादं नाव प्रचारात होतं की नाही, एवढं तरी त्यात शोधता येतं.

## टप्पा ५: आता माणसांना विचारा

इथे पोचेपर्यंत वहीत प्रश्न जमलेले असतात. तेच घेऊन जा.

आधी एक वस्तुस्थिती. पुनर्विकास, बिल्डर, मेट्रो ३ साठी पाडलेल्या इमारती, पगडीचे (एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या भाड्याच्या खोल्यांचे) वाद: या वस्तीत वही घेऊन फिरणारा अनोळखी माणूस म्हणजे 'सर्व्हेवाला'. फोटो काढू लागलात की जिन्यातून कुणीतरी खाली येणारच. म्हणून थेट खोल्यांकडे जाऊ नका. चाळ कमिटीच्या किंवा गणेशोत्सव मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी जा, नाव सांगा, वही उघडून दाखवा. तिथले कार्यकर्ते एखाद्या आजींकडे किंवा काकांकडे घेऊन जातात आणि त्यांच्यासोबत गेलं की चहा येतो.

आता प्रश्न. 'किती जुनी?' हा प्रश्न कायमचा विसरा. असं विचारा:

"काका, तुमच्या आजोबांनी खोली घेतली तेव्हा भाडं कोण न्यायला यायचं?"

"आजी, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा नळ कुठे होता?"

"ट्राम बंद झाली तेव्हा तुम्ही कितवीत होता?"

शेवटचा प्रश्न मला विशेष आवडतो. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. त्या खुंटीला आठवण बांधली की 'मी लहान होतो तेव्हा' याला साल मिळतं. १९६० चा महाराष्ट्र दिन, १९८२ चा गिरणी संप, अशा आणखी दोन-चार खुंट्या तयार ठेवा.

मग हळूच विचारा, "जुन्या भाडेपावत्या आहेत का?" पिशवीत, ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खणात त्या असतात. पगडीच्या खोलीचा तोच पुरावा, म्हणून कुणी फेकत नाही. एका पावतीवर मालकाचं किंवा ट्रस्टचं नाव, इमारतीचं जुनं नाव, रस्त्याचं जुनं नाव, खोली नंबर आणि भाडं एवढं सगळं सापडतं. तयारीत केलेली दुहेरी यादी इथे कामी येते.

दुसरी खाण म्हणजे मंडळाच्या स्मरणिका. लेखांपेक्षा जाहिराती वाचा. कोणता खानावळवाला, कोणता छापखाना, कोणता शिंपी कोणत्या साली त्या गल्लीत होता, हे तिथे पत्त्यासकट छापलेलं असतं.

> सावध: भाडेपावती, करार, रेशनकार्ड यांचे फोटो काढू नका, बसून उतरवून घ्या, तेही परवानगीने. आणि माणसांची नावं पुढे कुठेही लिहायची असतील तर त्याच बैठकीत विचारा.

तपासा: "इथे टिळक येऊन गेले" हे वाक्य गिरगावात जवळजवळ प्रत्येक चाळीत ऐकू येतं. काही ठिकाणी ते खरंही आहे. साल आणि प्रसंग सांगता आला तर त्या काळच्या वृत्तपत्रात शोधा. नाही सांगता आला तर 'रहिवासी असं सांगतात' एवढंच लिहा.

## टप्पा ६: कागदावर पडताळा

शहर भागात जमिनीला सी. एस. नंबर (कॅडेस्ट्रल सर्व्हे, म्हणजे भूमापन क्रमांक) असतो, उपनगरात सी. टी. एस. मालमत्ता कराच्या बिलावर किंवा पुनर्विकासाच्या नोटिशीवर तो बहुधा मिळतो. 'गिरगाव डिव्हिजन' की 'भुलेश्वर डिव्हिजन' हेही उतरवून घ्या, नाहीतर नुसता नंबर निरुपयोगी. महसुली डिव्हिजन, पालिकेचा वॉर्ड, पिनकोड आणि लोकांच्या बोलण्यातलं गिरगाव, या चारही हद्दी वेगवेगळ्या आहेत.

नंबर हाती आला की मिळकत पत्रिका काढता येते. तिच्यात जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते कळतं. इमारत कधी बांधली ते त्यातून कळेल अशी आशा धरू नका.

वयासाठी सेसचा, म्हणजे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी घेतल्या जाणाऱ्या कराचा, वर्ग विचारा. जुन्या भाड्याच्या इमारतींचे तीन वर्ग आहेत: 'ए' म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, 'बी' त्या तारखेपासून १९५० अखेरपर्यंतच्या, 'सी' १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ च्या. आपली बिल्डिंग कोणत्या वर्गात, हे चाळ कमिटीच्या सेक्रेटरींना पाठ असतं, कारण पुनर्विकासाची सगळी बोलणी त्यावर चालतात. तुम्ही 'शके १८१५' वाचलंत आणि वर्ग 'सी' निघाला, तर बहुधा जुनी इमारत पाडून नवी बांधताना पाटी जपून पुन्हा बसवली आहे. सोडून देऊ नका. असा विसंवाद सापडला की पुन्हा टप्पा २ ला जा.

यापुढे खोदायचं असेल तर टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. तिथे 'गिरगावचा इतिहास हवा' म्हणून जाऊ नका. रस्त्याचं जुनं नाव, मालकाचं नाव आणि वीस वर्षांची एक मुदत, एवढं घेऊन गेलात तर ग्रंथपालांना मदत करता येते.

## टप्पा ७: लिहून परत द्या

एका इमारतीला एक पान. पानावर तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: डोळ्यांनी दिसलं, माणसांनी सांगितलं, कागदावर सापडलं. तिन्ही जुळले तर साल लिहा. दोनच जुळले तर 'सुमारे' लिहा. एकच असेल तर साल लिहूच नका.

छापील प्रत मंडळाच्या कार्यालयात नेऊन द्या आणि आठवड्याने परत जा. फलकावर लावली असेल तर कुणीतरी पेनाने समासात दुरुस्त्या केलेल्या असतात: "हा जिना नंतरचा", "मालक भाटिया नव्हे, कपोळ". त्या दुरुस्त्या तारखेसह पानाच्या खाली जोडा, मूळ मजकूर खोडू नका. दुरुस्ती करणाऱ्यांचं दार ठोठवायला विसरू नका. पुढच्या भाडेपावत्या बहुधा त्यांच्याकडेच निघतात.